दहा लाख एक

मुलांचा क्लास सुटेपर्यंत आया पायरीवर बसल्या की किस्से आपोआप साठतात. त्यात इंदिरानगरातल्या आमच्या गणिताच्या क्लासची रीतच न्यारी! सर दर आठवड्याला एक मोठा आकडा देतात. शनिवारी मुलांनी फळ्यापाशी उभं राहून त्याची कुंडली सांगायची. सम की विषम, मूळ की संयुक्त, कुणाचा वर्ग आहे का, सगळं!

माझ्या अन्वीची घरी टकळी थांबत नाही, तिथे मात्र तोंडच उघडत नाही. सर मला म्हणाले, "ताई, या शनिवारीही गप्प राहिली तर खालच्या बॅचला बसवावं लागेल."

*

रेश्माताईंचा रुद्र मात्र बिनधास्त. त्याचा आकडा होता १२३२१.

"सर, उलटा वाचला तरी तोच! आणि एकशे अकराचा वर्ग आहे!"

सर खूश. "शाब्बास! वर्गमूळ कसं काढलंस?"

"ते पण उलटं वाचलं तरी तेच ना, सर!"

*

रेश्माताईंचे मिस्टर ओझरला कारखान्यात आहेत. एकदा रुद्रच्या वहीत १,११,१११ बघून म्हणाले, "सगळे एकच एक! याला कोण भागणार? मूळच!"

"पप्पा, सहा एकांची बेरीज सहा. म्हणजे तीनने भाग जातो."

मिस्टरांनी वही मिटून परत दिली. मग म्हणाले, "आज भाजी काय केलीय?"

*

मी सातवीपर्यंतच शिकलेली. पण या आठवड्याला दहा लाख एक हा आकडा आला, तशी अन्वीबरोबर मीही भागायला बसले. पोळ्या लाटता लाटता ओट्यावरच्या पिठात बोटानं भागाकार! सासूबाईंनी येऊन फडकं फिरवलं.

"अहो आई, सतराचा भागाकार होता तो!"

"आणि तव्यावर कोळसा झालाय, तो कितीचा?"

*

शनिवार उजाडला. शंभराच्या आतल्या एकाही मूळ संख्येनं भाग गेला नव्हता. मी अन्वीला बजावलं, "मूळच आहे. एवढंच बोल, पण बोल!"

"आई, पण..."

"पण नाही न् बिण नाही!"

फळ्यावर आकडा लिहिला गेला. सगळी पोरं ओरडली, "मूळ!"

"अन्वी?" सर म्हणाले.

ती गप्प.

मला पायरीवर बसवेना. खिडकीशी गेले, गज धरले आणि आवाज न करता ओठ हलवले, "मूळ! मूळ!" मागून रेश्माताई माझी ओढणी ओढत होत्या, "अगं बाई, ये ना इकडे!"

अन्वीनं माझ्याकडे पाहिलं. सरांनी डस्टर उचललं.

"सर," ती म्हणाली, "आधी ती खिडकी लावू?"

आणि आली की ती स्वतः! माझ्या तोंडावर खिडकी लावली, वर कडीही घातली.

आतून तिचा खणखणीत आवाज आला, "सर, एकशे एकनं भाग जातो!"