गौतमीचं खेळणं

न्यूझीलंडमधल्या पुकेकोहेच्या आमच्या पिस्तूल क्लबात गौतमी आली, तेव्हा दीनानाथ तिच्या पिस्तुलाकडे बघून फिदीफिदी हसला होता. ऑकलंडच्या बँकेत सॉफ्टवेअर लिहिणारी ही नागपूरची बाई, आणि पिस्तूल एवढंसं, मुठीत खालून सरकवायच्या मॅगझिनमध्ये दहाच गोळ्या! दीनानाथचं त्याच कंपनीचं, पण मोठं, पंधरा गोळ्यांचं. "खेळणं आहे हे," तो म्हणाला. मला अस्सा राग आला!

सरावात मात्र त्याची लांब मॅगझिनं तिच्या पिस्तुलात मजेत बसत, मुठीखाली थोडी बाहेर येत एवढंच. म्हणून स्पर्धेला दोघांनी सहलीला करतात तशी वाटणी केली: पोळ्या तू आण, भाजी मी आणतो. मॅगझिनं गौतमीची, गोळ्या दीनानाथच्या.

शनिवारी त्याचं नाव पुकारलं. तिचं आखूड मॅगझिन त्याने आपल्या पिस्तुलाच्या मुठीत सरकवलं. आत गेलं, पण अडकेचना! अहो, थोरल्याचा शर्ट धाकट्याला होतो, धाकट्याचा थोरल्याला कसा होणार? एवढंही या पुणेकराला सुचलं नव्हतं. पंच घड्याळ बघू लागले.

गौतमीने पंचांना विचारून आपलं पिस्तूल त्याच्यापुढे ठेवलं. "दहाच आहेत. बघून मार."

समोर आठ लोखंडी पाट्या. ठण्! ठण्! एरवी पंधरा गोळ्या उधळूनही दोन पाट्या उभ्या ठेवणाऱ्याने आज आठही आडव्या केल्या! आम्ही बेंबीच्या देठापासून ओरडलो.

दीनानाथने पिस्तूल रिकामं करून दाखवलं आणि तिच्याकडे वळला. "गौतमी, हे कुठे मिळतं गं?"

"खेळण्यांच्या दुकानात."