पिवळ्या पोटाचा मातीसाप

लोखा शहरातल्या एका लहानशा संग्रहालयात नेल्वा आर्मिखोस बावीस वर्षं सापांचे खवले मोजत होती. शिक्षण शाळेपुरतंच, पण हात इतका स्थिर की करंगळीएवढ्या मातीसापाचे खवलेही सुईच्या टोकाने एकेक करून मोजायची. गांडुळं खाऊन मातीत राहणारे हे तपकिरी साप दिसायला सगळे सारखेच. अंगावर खवल्यांच्या ओळी किती, पोटाखाली खवले किती, यावरूनच जात ओळखायची.

चूक झाली ती मोजण्यात नाही. एका मंगळवारी बरण्यांतलं अल्कोहोल बदलताना अजून न मोजलेले दोन साप एकाच तबकात आले आणि त्यांना बांधलेल्या चिठ्ठ्या सुटल्या. एक सान इसिद्रोच्या डोंगरावरचा होता. दुसरा पालो ब्लांको गावच्या आबेलिनो तांदासो या कॉफी पिकवणाऱ्या म्हाताऱ्याने आणून दिलेला; त्यांना सगळे आदराने डॉन आबेलिनो म्हणत. ‘ठिकाण नक्की नाही’ असं लिहायला हवं होतं. पण दुपारी तपासणी होती. तिने अंदाजाने चिठ्ठ्या बांधून टाकल्या.

चार महिन्यांनी संग्रहालयातल्या सर्पतज्ज्ञ डॉक्टर पिलार कुएवांनी त्यातला एक साप भिंगाखाली घेतला. "नेल्वा, बघा जरा. इथल्या सगळ्यांना सतरा ओळी असतात, याला पंधराच."

नेल्वाने मोजल्या. पंधराच होत्या. नवी जात ठरली, आणि चिठ्ठीवरून तिचं ठिकाण छापलं गेलं: सान इसिद्रो.

त्याच वर्षी कॉफीची पुरचुंडी घेऊन डॉन आबेलिनो आले. आपल्या नावाची बरणी उजेडात धरून म्हणाले, "नेल्विता, हा माझा नव्हे. माझ्याचं पोट कोरं पिवळं होतं. याला तर ठिपके आहेत."

"अल्कोहोलमध्ये रंग बदलतात, डॉन आबेलिनो."

पिवळा रंग उडतो, पण नसलेले ठिपके उमटत नाहीत. बोलतानाच तिला ते ठाऊक होतं.

"असेल बाई. तुम्ही जाणती माणसं," म्हणाले आणि बरणी जपून जागेवर ठेवली.

मग त्या जातीचा दुसरा साप मिळावा म्हणून सहा वर्षं डॉक्टर पिलारची माणसं सान इसिद्रोची माती उकरत राहिली. हाती काहीच लागेना. नोकरी जाईल या धास्तीने नेल्वा आधी गप्प राहिली. नंतर, इतके दिवस गप्प का राहिलीस, याला उत्तर नव्हतं म्हणून. पालो ब्लांकोचं वरचं रान गुरांच्या कुरणासाठी तोडल्याचं कानावर आलं, तेव्हापासून तिला जेवण जाईना.

एकदा डॉक्टर पिलार गुडघ्यापर्यंत चिखलाने माखून परतल्या. "संपली असणार ती जात, नेल्वा. आपल्याला उशीर झाला."

नेल्वाने सुई खाली ठेवली. "तुम्ही चुकीच्या डोंगरावर शोधताय," ती म्हणाली, आणि सगळं सांगून टाकलं.

"कधीपासून माहीत होतं?"

"म्हातारा बोलला त्या दिवसापासून."

डॉक्टर बराच वेळ नळाखाली हात धूत राहिल्या. "उद्या सकाळी गाडी काढते. तुम्हीही चला."

डॉन आबेलिनोंना तिने त्यांच्या अंगणातच, उभ्या उभ्या सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "मी पिवळं पोट सांगितलं आणि बरणीत ठिपके निघाले, म्हणून मेहुणा मला अजून ठिपकेवाला म्हणतो," एवढंच बोलून कुदळ उचलली.

उरल्यासुरल्या सावलीतल्या कॉफीच्या झुडपांखाली, कुजलेल्या पाचोळ्यात, तिसऱ्या दिवशी तो सापडला. कोरं पिवळं पोट. नेल्वाने ओळी मोजल्या. पुन्हा मोजल्या. पंधरा. वर, रान होतं तिथे, गाई चरत होत्या. डॉक्टर पिलार तिकडे बघत म्हणाल्या, "सहा वर्षांपूर्वी इथे रान होतं."

दुरुस्ती छापली तेव्हा चूक कोणाची हे नावासकट लिहा, असा नेल्वानेच हट्ट धरला. तो कागद घेऊन ती पालो ब्लांकोला गेली.

"मला कुठे वाचता येतं? मेहुण्याकडे चल," डॉन आबेलिनो म्हणाले.

मेहुणा उकडलेली केळी आणि चीज खात बसला होता. नेल्वाने दारातूनच सांगितलं. त्याने घास गिळला. "म्हणजे म्हातारा खोटं बोलत नव्हता?"

"नाही. मी बोलत होते."

डॉन आबेलिनोंनी खुर्ची ओढून घेतली, मेहुण्याच्या बायकोकडे कॉफी मागितली. नेल्वा तशीच उभी होती. तिच्याकडे न बघता ते म्हणाले, "हिलाही दे."