सिस्टरांची झोप

दुर्गम भागात आरोग्य कर्मचारी किती आहेत, हे मोजायच्या कामावर मी काही दिवस होते. डोंगरातल्या एका उपकेंद्रावर भर दुपारी पोचले, तर सिस्टर व्हरांड्यातल्या बाकावर गाढ झोपलेल्या. पायांत चपला तशाच. दाराशी बसलेल्या बाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

“वरच्या पाड्यावर बाळंतपण अडलं होतं. दोघं सुखरूप आहेत. आत्ताच डोळा लागलाय त्यांचा.”

“दुसऱ्या सिस्टर कुठं आहेत?” मी हळूच विचारलं.

“दुसऱ्या कुठल्या? साऱ्या पाड्यांना ह्याच.”

मी पायरीवर टेकले. थोड्या वेळानं एक म्हातारे बाबा खोकत आले. सिस्टरांना झोपलेलं पाहताच त्यांनी खांद्यावरचा पंचा तोंडावर दाबला आणि ते लांब, झाडाखाली जाऊन बसले. वारा पडला होता. समोरचे डोंगरसुद्धा श्वास रोखून बसल्यासारखे वाटत होते. इतक्या माणसांमागे एक सिस्टर, एवढंच मी मोजणार होते. पण त्या एकीला झोप मिळावी म्हणून किती माणसं गप्प बसतात, हे कसं मोजायचं? विचार करता करता माझेही डोळे जड झाले.

सिस्टरांच्या आवाजानं जाग आली. “बाबा, कधी आलात? हाक मारायची की!”

“घाई नव्हती, बाई,” बाबा म्हणाले, आणि इतका वेळ कोंडलेला खोकला एकदम उसळून आला. सिस्टर धावत गेल्या आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.