काकांच्या काळज्यांची उगवण

आधी माफी मागतो. आमच्या घरात आजवर अर्जापेक्षा लांब काही कुणी लिहिलेलं नाही. कॉलेजात जाणारा मीच पहिला. त्यामुळे एका वडीलधाऱ्या माणसावर लिहायला बसणं मलाच आगाऊपणाचं वाटतं. पण परवानगी काढली आहे. ते मला प्रोफेसर म्हणतात. म्हणाले, "लिही प्रोफेसर, पण नाव टाकू नको. लोक काय म्हणतील, ही एक नवीन काळजी लागेल मागं." आता एक गोष्ट बेलाशक सांगतो: आमच्या खोलीच्या मालकांइतक्या शिस्तीनं काळजी करणारा माणूस जालना जिल्ह्यात दुसरा नसेल.

नवीन जालन्यात त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत मी तीन वर्षं राहिलो. त्यांना काका म्हणायचो. काका एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत आहेत. शंभर बिया मोजायच्या, ओल्या कागदात गुंडाळून ठेवायच्या आणि ठरलेल्या दिवशी उघडून किती उगवल्या ते रजिस्टरला लिहायचं, हे त्यांचं काम. कामावर हा माणूस इतका शांत, की बीसुद्धा बिचकू नये. पण तिथूनच दिवसातून चारदा घरी फोन करून गॅस बंद आहे का, हे विचारणार. काकू म्हणायच्या, "बंद आहे हो. तुम्ही आधी बिया मोजा." माझ्या परीक्षेला मला तीन पेन देऊन चौथा घेऊन ते कॉलेजच्या फाटकाशी उभे राहिले होते. वरच्या खिशात कायम एक चिठ्ठी. तिच्यावर रक्तगट आणि तीन फोन नंबर: काकूंचा, डॉक्टरांचा आणि माझा. आमच्या घरी अडचण आली की दुसऱ्यांना फोन लावतात. अडचणीसाठी माझा नंबर कुणी लिहून ठेवला, असं पहिल्यांदाच घडलं होतं. त्या दिवशी मी उगाचच मोबाइल दोनदा चार्ज केला.

हे सगळं हसण्यावारी जात होतं. परतूरचं मात्र जात नव्हतं. काकांची लेक परतूरला दिलेली, रेल्वेनं तासाभराच्या अंतरावर. दोन वर्षांपूर्वी त्या गाडीत काकांच्या छातीत धडधड सुरू झाली, घाम फुटला, आता मेलोच असं वाटलं. डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला, हृदय ठणठणीत निघालं. गाडी मात्र सुटली ती सुटलीच. मध्ये नातू झाला. काका पिशवी भरून स्टेशनात जायचे, काकूंना डब्यात बसवायचे आणि गाडी हलली की एकटे परत यायचे. एकदा जिन्यात बसून म्हणाले, "पोरगं सव्वा वर्षाचं झालं. मी फोनमधीच राहतो असं समजून राह्यलंय ते."

शेवटी डॉक्टरांनीच समुपदेशक मॅडमकडे पाठवलं. सोबत मी. मॅडमनी सरळ सांगितलं, की भीतीचा विचार येतो, शरीर त्याला खरं मानतं, आपण ती गोष्ट टाळतो आणि टाळल्यानं भीती वाढते. मग एक काम दिलं. काय होईल असं वाटतं, शंभरपैकी किती खात्री वाटते आणि प्रत्यक्षात काय झालं, हे रोज लिहायचं. काकांचे डोळे चमकले. हे तर त्यांचंच काम होतं. पुढच्या खेपेला त्यांनी रेघा मारलेलं रजिस्टर मॅडमपुढे ठेवलं.

"लॉट नंबर नऊ. प्रोफेसर पेपरच्या दिवशी झोपून राहील. खात्री सत्तर. बारा दिवस ठेवला. उगवला न्हाई."

"बारा दिवस कशाला? पेपर तर त्याच दिवशी झाला ना?"

"कापसाला बारा देतो मॅडम आम्ही. काळजीला कमी कसे देणार?"

महिन्याभरात चाळीस काळज्या तपासून झाल्या. एकच उगवली, दूध उतू गेलं. "अडीच टक्के," काका खिन्नपणे म्हणाले. "असला लॉट आम्ही बिलकुल पास करत न्हाई." मॅडम हसल्या. पानं चाळून म्हणाल्या, "यात परतूर कुठं आहे?"

"ती काळजी पक्की आहे. तिला तपासायची गरज न्हाई."

"न तपासता निकाल लिहिता का हो तुम्ही लॅबमध्ये?"

पंचवीस वर्षांच्या नोकरीत काकांवर असा आरोप कुणी केला नव्हता. घरी येईपर्यंत रिक्षात ते रजिस्टरची पानं उलटत राहिले.

त्या आठवड्यात ते माझ्यासोबत फलाटावर बसले. पुढच्या आठवड्यात उभ्या गाडीत. मग एक स्टेशन गेलो. माझ्या मनगटावर त्यांच्या बोटांचे वळ दोन दिवस होते. तेवढ्यात माझा निकाल लागला, खोली सोडून अंबडकडच्या आमच्या गावी परतायची वेळ आली. निघताना त्यांनी रजिस्टर दाखवलं. लॉट एक्केचाळीस. परतूरच्या गाडीत एकटा बसलो तर जीव जाईल. खात्री नव्वद. पुढचा रकाना कोरा.

"मी येतो की सोबत," मी म्हणालो.

"तू आलास तर चाचणी खोटी."

गावाहून मी फोन करायचो. ते माझ्या नोकरीच्या फॉर्मची, तारीख हुकण्याची काळजी करायचे. परतूरचं ते बोलायचे नाहीत आणि विचारायचा धीर मला व्हायचा नाही. असे तीन महिने गेले.

परवा काकूंचा फोन आला. "गेले बाबा. काल सकाळच्या गाडीनं, एकटे. रांजणीपर्यंत लई धडधडलं म्हणे, पण उतरले न्हाईत. पोरगं आधी रडलं, मंग चष्मा ओढला त्यांचा." रजिस्टरला काय लिहिलं, मी विचारलं. "कुठलं काय. म्हणे बारा दिवस होऊ दे."

मग काकू म्हणाल्या, "अन् ती खिशातली चिठ्ठी इथंच राह्यली रे. मला वाटलं, विसरले. फोन करून विचारलं तर म्हणतात, मुद्दाम ठेवली. आता काय करू तिचं, टाकून देऊ?"

"राहू द्या, काकू," मी म्हणालो. "तिसरा नंबर माझा आहे."