बाहुल्या काल हलत होत्या

मालनबाई गायकवाड कळंबच्या उपकेंद्रात नर्स होत्या. १९८१च्या जानेवारीत नागूच्या बायकोला, हिराला, आठव्या महिन्यातच मुलगी झाली. वजन दीड किलो. मालनबाईंनी तिला कापसात गुंडाळलं आणि सवयीप्रमाणे बॅटरीचा उजेड डोळ्यांवर धरला. दोन्ही बाहुल्या आकसल्या. दुसऱ्या दिवशीही तसंच.

तिसऱ्या सकाळी पोर दूध घेईना. मालनबाईंनी बॅटरी धरली. उजवी बाहुली मोठी होती, ती तशीच राहिली. नजर खाली लागलेली. टाळूवर बोट ठेवलं तर ती ताणून वर आलेली.

“निजलीय ती, बाय. अपुऱ्या दिवसांची हाय,” हिराची सासू विठाबाई म्हणाली.

“ही झोप नाही. नागू, टेंपो बघ. कर्जतला जायचंय.”

“वाटंत काय झालं तर?”

“इथे माझ्या हातात काही उरलेलं नाही रे.”

टेंपोत त्यांनी पोरीला पदराखाली छातीशी धरलं होतं. दोनदा श्वास थांबला. दोन्ही वेळा त्यांनी तळव्यावर टिचकी मारली, आणि तो सुरू होईपर्यंत स्वतःचा रोखून धरला. नागू समोर बसून नुसता त्यांच्या तोंडाकडे बघत होता.

कर्जतचे डॉक्टर तरुण होते. “अपुऱ्या दिवसांच्या मुलांच्या बाहुल्या पुष्कळदा हलत नाहीत,” ते म्हणाले.

“काल हलत होत्या, सर.”

“लिहून ठेवलंय?”

“नाही. पण मी पाहिलंय.”

डॉक्टरांनी स्वतः उजेड टाकून पाहिलं. मग दुसऱ्यांदा पाहिलं. ते बाहेर गेले आणि मुंबईला न्यायला जीप काढायला सांगितली.

तिथल्या मोठ्या इस्पितळात टाळूतून सुई घातली, तेव्हा लालसर पाणी आलं. मेंदूत रक्तस्राव झाला होता. पाच आठवडे ते पाणी पुनःपुन्हा काढावं लागलं. हिरा तेवढे दिवस इस्पितळाच्या जिन्याखाली राहिली.

घरी आल्यावर चौथ्या महिन्यात मालनबाईंनी पोरीसमोर लाल लोकरीचा गुंडा फिरवला. डावा डोळा त्याच्या मागे गेला. उजवा रेंगाळला, मग गेला.

“दिसतंय ना हिला?” हिराने विचारलं.

“दिसतंय. किती, ते आत्ताच नाही सांगता येत गं.”

पोरीचं नाव सुमन ठेवलं. ती तीन वर्षांची झाल्यावर चालली. डावा पाय ओढत चालायची. सहाव्या वर्षी शाळेत गेली; फळ्यावरचं वाचता यावं म्हणून शाळेच्या बाईंनी तिला पुढे बसवलं.