विहिरीतला सुरुंग आणि गाझातला फोन

एका परदेशी सरकारने पॅलेस्टिनी निर्वासितांसाठी दिलेली मदत खरोखर पोचते का, हे तपासणाऱ्या संस्थेत मी काम करते. एरवी कारेगावच्या खोलीतून, पण त्या आठवड्यात राहू गावात माहेरी होते. दुपारी गाझातल्या एका बाईशी फोन चालू होता. मध्ये अम्मानची दुभाषी. बाईच्या आईला मधुमेह. छावणीतल्या दवाखान्यात इन्सुलिन मिळतं का, एवढंच मी विचारत होते.

तेवढ्यात शेजारच्या आप्पांच्या मळ्यात विहिरीचा सुरुंग उडाला. तावदानं थरथरली. फोनमधून किंकाळी आली, लेकरांचं रडणं आलं आणि तिचा फोन बंद झाला.

"तुमच्याकडे बॉम्ब पडला का?" दुभाषीने विचारलं.

"नाही हो, आवाज इथला. विहीर खोल करतायत."

पण हे त्या बाईला कुठे माहीत? ती लेकरं घेऊन धावत सुटली असणार, आणि तिथे उघड्यावर पळणं म्हणजे जिवाशी गाठ. आम्ही सारखा फोन लावत होतो. लागेना.

आई आत आली. "काय झालं गं? तोंड का उतरलंय?"

सांगितलं, तशी ती बांधावर जाऊन ओरडली, "आप्पा, आज सुरुंग बास करा! फोनवर लेकरं भ्यालीत!"

"कुणाची वं?"

"लांबची हायेत. पर भ्यालीत न्हवं!"

आप्पांनी काम थांबवलं.

ऊन कलल्यावर फोन आला. दुभाषी म्हणाली, "त्या विचारतायत, तुमच्या घरचे सगळे जिवंत आहेत ना?"

मला हुंदका आवरेना. कशीबशी खरी गोष्ट सांगितली. पळापळीत तिचा धाकटा हरवला होता, नुकताच सापडला होता. मग तीच मूळ प्रश्नावर आली. "मदतीची गाडी सीमेवरून आत सोडली तर औषध मिळतं. दवाखान्यातली माणसं चांगली आहेत. नुसतं 'पोचत नाही' लिहाल, तर पैसे बंद होतील आणि दवाखानाही जाईल."

त्यानंतर अहवालाचं एकेक वाक्य लिहिताना मला धडकी भरायची. दवाखाना चोख आहे, औषध वाटेत अडतं, मदत थांबवू नका, असं आम्ही स्पष्ट लिहिलं. त्या सरकारने मदत चालू ठेवली.

तपासणीच्या पुढच्या फेरीत तिचा फोन लागला नाही. "चार्जिंग नसेल," दुभाषी म्हणाली. मीही हो म्हणाले. अजून अधूनमधून लावून बघते.