आधीच सॉरी, ताई

चूक व्हायच्या आधीच ती माफी मागून ठेवायची. "ताई, आधीच सॉरी हां," असं म्हणत माझ्या टेबलाच्या कडेला दोन बोटं टेकवून उभी राहिली, की मी ओळखायचे, बाईंना शनिवार हवाय.

तळोज्याच्या एका कंपनीत आम्ही दोघी डिस्पॅचला होतो. कुठला माल कधी निघणार, कुठला ट्रक कधी लागणार, हे ठरवायचं आमचं काम. तुमच्याही ऑफिसात असेल अशी एखादी, दिसायला चारचौघींसारखी, पण मनात भलतंच काही चाललेली. हिच्याकडे विमान चालवायचं लायसन्स होतं. लग्नाआधी, साताऱ्याला माहेरी असताना काढलेलं. तेव्हा वैमानिकाची नोकरी मिळाली नाही, म्हणून ती आमच्याकडे आली आणि ट्रक हाकू लागली. पस्तिशीत तिनं पुढचं ट्रेनिंग घ्यायचं ठरवलं. बाहेर ढगांशिवाय काही दिसत नसताना नुसत्या काट्यांकडे बघून विमान न्यायचं, त्याचं ट्रेनिंग. फ्लाइंग स्कूल घाटापलीकडे. नोकरी सोडणं शक्य नव्हतं. उरले शनिवार-रविवार, आणि आमच्याकडे शनिवारीही कामावर यावं लागतं. म्हणून माझ्या टेबलावर ती दोन बोटं.

पहाटे पोळ्या लाटताना तिच्या कानात वैमानिकांची रेडिओवरची बोलणी असायची. कंपनीच्या बसमध्ये हवामानाचं पुस्तक. त्याला तपकिरी कव्हर, कारण कोणी विचारलं की तिला अवघडल्यासारखं व्हायचं. घरी कपाटाच्या दाराला आतून कॉकपिटचं चित्र चिकटवलेलं. मी एकदा खांदेश्वरला तिच्या घरी गेले, तर सासूबाईंनी दार उघडून तोंडावर बोट ठेवलं. "जरा थांब गो. आमची सून कपाट उडवतेय." आत बघते तर ही प्लास्टिकच्या स्टुलावर बसून हवेतली बटणं दाबतेय.

शुक्रवारी ती फ्रिज डब्यांनी गच्च भरायची. "आमी दुकालात रातो काय?" सासूबाई ओरडायच्या. पण तिला तेवढ्यानं बरं वाटायचं नाही. मुलीचं शाळेतलं नाटक हुकलं, तेव्हा आठवडाभर तिनं डब्यात स्वतःसाठी भाजी आणली नाही. कोरडी पोळी खात होती. मी रागावले, तर म्हणाली, "इथं असले की अभ्यास बुडतोय, तिकडं गेले की घर बुडतंय. कोणाचा ना कोणाचा वेळ चोरतेच आहे मी."

त्याहून मोठं एक ओझं होतं, ते तिनं मला एकदाच सांगितलं. तिचं सासर खाडीकाठच्या गावातलं. इथल्या नव्या विमानतळासाठी जी गावं हलली, त्यांतलंच एक. घर, अंगण, मिठागराकडे जाणारी वाट, काहीच उरलं नाही. "आईंच्या चुलीवरून धावपट्टी गेली, ताई. आणि मी त्याच धावपट्टीची स्वप्नं बघते. कुठल्या तोंडानं?"

"त्या काय म्हणतात?"

"काहीच नाही. तेच तर."

शेवटची परीक्षा दोनदा पुढे गेली. एकदा धुकं पडलं, एकदा विमानच दुरुस्तीला गेलं. ट्रक तिचं ऐकायचे, आभाळ ऐकत नव्हतं. रजा संपत आल्या. तिसरी तारीख मिळाली, तर नेमकं त्याच दिवशी सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. नवऱ्याच्या कारखान्यात शटडाउन, त्याला सुट्टी मिळेना. बसमध्ये खिडकीकडे तोंड करून ती म्हणाली, "नाही जाणार."

"मग परत कधी?"

"बघू."

ते 'बघू' कसलं असतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

दोनच दिवसांत सासूबाईंना खोकल्यानं घेरलं. डॉक्टर म्हणाले, एवढ्या खोकल्यात डोळ्याला हात लावता येणार नाही, पुढच्या महिन्यात या. "तवर तू जाऊन ये," सासूबाई म्हणाल्या. ती गेली. पास झाली. सोमवारी पेढे घेऊन माझ्याकडे आली, पण चेहरा उतरलेला.

"ताई, आईंना खोकला नव्हताच. मुलगी बोलून गेली. मी जिना उतरले आणि त्या खोकायच्या थांबल्या."

पुढच्या महिन्यात ऑपरेशन झालं. दिसायला हवं तेवढं काही दिसेना. दोष आतल्या पडद्यात होता, फार आधीपासून. महिनाभर आधी केलं असतं तरी एवढंच दिसलं असतं, असं डॉक्टरांनी तिला समोर बसवून सांगितलं. मीही कितीदा सांगितलं. ती मान हलवायची. पण सगळ्यांच्या वेळा बसवून देणारी ती बाई, तिला तो एक महिना कुठंच बसवता येईना.

यथावकाश नोकरी लागली. ईशान्येला, डोंगरांतल्या लहान विमानांवर. ती नकोच म्हणत होती. तिची बॅग सासूबाईंनी भरली, तीही चाचपत.

मागच्या महिन्यात मी सासूबाईंना भेटायला गेले. मी त्यांना मावशी म्हणते. मावशी गॅलरीत सुपात सुका जवळा घेऊन निवडत होत्या. फोन वाजला, मी स्पीकर लावून त्यांच्या हातात दिला. पलीकडे ती, मागे वाऱ्याचा आवाज.

"आई, डोळा कसा आहे? खरं सांगा."

"बेस हाय गो. समोरची बाय कपडे वालत घालते, तिच्या साडीचा काठ पन दिसतो मना."

समोरच्या गॅलरीत कोणीही नव्हतं.

"ताई आज येणार होत्या, आल्यात ना? ताई, तुम्ही सांगा. दिसतंय का हो त्यांना?"

मावशींनी मला गप्प करायला हात पुढे केला. तो माझ्या गुडघ्यावर यायचा, तर सुपातल्या जवळ्यात पडला.

"दिसतंय गं," मी म्हटलं. "चांगलं दिसतंय."

पलीकडे वाऱ्यात तिला कोणीतरी हाक मारली. मग मावशींनी फोन माझ्यापुढे धरला, बंद करायला.